बिब नंबर नऊ, डावा बूट

ऐक रे, तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, जे काय विचारायचं ते शेवटी विचार, कारण हे मध्येच तुटलं ना तर त्यातला जीव जातो.

दुबईच्या मॉलमधला तो बर्फाचा डोंगर तुला माहीतच आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मायनस दोन, लोक पैसे मोजून थंडी वाजवून घेतात. त्या डोंगराच्या पायथ्याशी, काचेच्या अलीकडे, लांबडा काउंटर आहे. स्कीचे बूट भाड्याने देतात तो. त्या काउंटरच्या मागे आपला महादू. गुहागरकडचा, सव्वीस-सत्तावीसचा, राहतो शारजात रोल्लाला, एका खोलीत सहा जण. आधी रास अल खैमाला साइटवर टाइल्स बसवायचा, तीन वर्षांपूर्वी इथे लागला. काम काय, तर लोकांच्या पायातून निघालेले ओले बूट घ्यायचे, आत स्प्रे मारायचा, ड्रायरच्या नळ्यांवर उलटे टांगायचे आणि पुढच्याला साइज विचारून द्यायचे. शनिवारी चारशे जोड. वासाचं तर तू विचारूच नकोस.

पण महादूची नजर म्हणजे टाइल्सवाल्याची नजर. एक सूत वाकडं दिसलं की याच्या डोळ्यात खुपणार. आणि स्कीचा बूट म्हणजे काय आपली चप्पल नाही, की सरकवली पायात नि निघालो. बाहेरून टणक प्लास्टिकचं कवच, आत मऊ लायनर, आणि घोट्याच्या वर पोटरीला धरणारी एक कॉलर. घोट्याशी एक स्क्रू असतो, तो सैल केला की ती कॉलर जराशी आत, जराशी बाहेर कलवता येते. कोणाचे गुडघे आत वळलेले, कोणाचे पाय फेंगडे. कॉलर पायाच्या ठेवणीशी जुळली तर माणूस बर्फावर सरळ उभा राहतो. नाही जुळली तर स्की एकाच कडेवर चढून बसते आणि तो बिचारा तोल सावरता सावरता खाली पोचतो, नाहीतर पोचतच नाही.

हे सगळं त्याला अक्रमने शिकवलं. अक्रम तिथला टेक्निशियन, पाकिस्तानातल्या स्वातचा पठाण, खऱ्या बर्फात वाढलेला. दोरीला नट बांधून त्याने ओळंबा केलेला, माणसाला बूट घालून उभं करायचा, गुडघ्याच्या वाटीवरून ओळंबा सोडायचा. नट दुसऱ्या बोटावर आला तर शाबास. आत गेला, बाहेर गेला, तर स्क्रू फिरवायचा. महादूने ओळंबा बघितला आणि हसलाच. म्हणाला, "अक्रमभाई, ये तो मेरा ही धंदा है, खाली दीवार की जगह टाँग है."

दोन वर्षं शिकला. परीक्षा दिली, पास झाला. आता टेक्निशियनचं कार्ड यायचं होतं, त्यावर ड्यूटी मॅनेजर सायरा मॅडमची एक सही बाकी, ती रविवारी होणार होती. त्या कार्डात काय होतं सांगतो. कार्ड म्हणजे वरचा पगार, कंपनीची खोली, आणि तेवढ्यावर फॅमिली व्हिसा निघतो. म्हणजे रंभा, त्याची बायको, गुहागरहून इकडे येणार. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि दोघं एकत्र राहिले किती? एक्केचाळीस दिवस.

आणि नियम सांगतो, तो डोक्यात ठेव. कार्ड हातात नाही तोवर कुठल्याही बुटाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या बुटाला तर अजिबातच नाही. कंपनीने तशी सही घेतलेली.

तर हा शनिवार. सहीच्या आदला दिवस. अक्रम सुट्टीवर, स्वातला. वर्कशॉपला टेक्निशियनच नाही. आणि त्याच दिवशी सकाळी अकराला तिथल्या मुलांच्या स्की क्लबची ट्रायल. अठरा पोरं, त्यातली सहा घेणार, डिसेंबरमध्ये जॉर्जियाला खऱ्या डोंगरावर कॅम्पला नेणार. प्रत्येकाला एकच रन. नाव पुकारल्यावर गेटवर नाही दिसलात तर खलास, बाद.

दहा वीस झालेले. महादू बूट टांगतोय आणि मागून मराठी ऐकू येतं. "अगं रडू नकोस, रडून होणारेय का काही?"

वळून बघतो तर एक बाई आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. बाई म्हणजे शोभना, पुण्याच्या, राहतात जुमेरा लेक टॉवर्सला. मुलगी ईश्वरी. बाकावर बसलेली, नाक लाल, छातीवर नऊ नंबरचा बिब, शर्यतीत बांधतात ते नंबराचं फडकं. प्रॅक्टिसच्या दोन रनमध्ये दोनदा पडली होती.

महादूच्या तोंडून निघून गेलं, "काय झालं ताई?"

"अय्या, तुम्ही मराठी! बघा ना हो दादा, काल-परवापर्यंत इथल्या भाड्याच्या बुटांवर काय सुंदर करायची. ट्रायलसाठी म्हणून मुद्दाम स्वतःचे घेतले. सहाशे दिरहॅम, म्हणजे साडेचौदा हजार झाले की नाही? सेकंडहँड, पण रेसचे आहेत. आणि आज बघा, उभीच राहता येत नाहीये."

महादूने ईश्वरीकडे बघितलं. "पाय दुखतो का गं?"

"आय कान्ट फील माय टोज," ती म्हणाली. "अँड माय हील इज लाइक, फ्लोटिंग."

हे ऐकल्याबरोबर महादूच्या डोक्यात घंटा. त्याने बूट काढायला लावला. आतून काय निघालं माहितेय? पायात दोन जोड लोकरीचे मोजे. आणि बुटाच्या चोचीत कापूस! चांगला मूठभर, दाबून दाबून भरलेला!

"ताई... हा कापूस?"

शोभनाताई जरा ओशाळल्या. "अहो, दीड साइज मोठे घेतलेत. वाढतं अंग आहे, दोन वर्षं तरी जायला नकोत का? शाळेचे बूट आपण नाही का असेच घ्यायचो, पुढे कापूस घालून?"

आता बोल! आपण सगळेच तसे वाढलो की नाही? माझेही बूट तसेच असायचे, तुझेही असणार. पण शाळेत आपण चालत जात होतो रे, डोंगरावरून घसरत नव्हतो.

महादूने लायनर बाहेर काढला, तिचा पाय नुसत्या कवचात ठेवायला लावला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे आपली बोटं घालून बघितली. एक बोट, फार तर दीड, एवढी जागा हवी. तीन बोटं आरामात गेली. म्हणजे टाच उचलली जाणार, मग पोरगी भीतीने मागे रेलणार, मागे रेलली की पुढचा कंट्रोल गेला. त्यात डावा गुडघा आत वळलेला, आणि कॉलर आधीच्या मालकाच्या पायाला जुळवलेली.

तो म्हणाला, "ताई, भाड्याचे घाला आज."

"चोवीस नंबर आहे का?"

त्याने रॅकवर नजर टाकली. चोवीसचा खण रिकामा. सकाळीच एका शाळेची एकशेवीस मुलं आत गेली होती. साडेबाराशिवाय एकही जोड परत येणार नव्हता.

"मग तुम्ही हेच जरा नीट करून द्या ना."

"मला परवानगी नाही ताई. अजून कार्ड नाही माझ्याकडे."

"पण येतं ना तुम्हाला?"

इथे चुकला बघ तो. 'नाही येत' म्हणाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण दोन वर्षं शिकलेल्या माणसाला ते तोंडून निघत नाही. त्याची नजर वर्कशॉपच्या दाराकडे गेली. आणि शोभनाताईंना त्या नजरेतलं उत्तर कळलं.

"अहो दादा, परक्या देशात आपल्या माणसाने आपल्या माणसाचं नाही करायचं तर कोणी करायचं? ईश्वरीचे बाबा प्लांटवर आहेत, नाहीतर त्यांनीच बघितलं असतं काहीतरी. दोन वर्षं घासतेय हो पोरगी. मी कोणाला सांगणार नाही, शप्पथ."

'आपला माणूस' हा शब्द कसा असतो, तो कानात पडला की नियम बाजूला होतात. घड्याळात दहा सत्तावीस. महादूने इकडेतिकडे बघितलं. वर्कशॉपचं दार ढकललं, दोघींना आत घेतलं.

आणि मग रे, त्याचे हात असे चालले! कापूस बाहेर. एक जोड मोजे बाहेर. तळाच्या खाली पातळ कॉर्कची एक पट्टी, टाचेखाली पाचर, घोट्याच्या हाडांभोवती फोमचे तुकडे कापून चिकटवले, म्हणजे टाच आपल्या जागी दाबून राहील. लायनर परत आत. "टाच मागे आपट. अजून. हां, आता बकल. आधी घोट्याचं, मग बाकीची. आता गुडघे पुढे, कॉलरवर रेल."

ईश्वरी रेलली. तिचा चेहरा बदलला. "ओह! इट्स होल्डिंग मी!"

"थांब, हलू नकोस."

ओळंबा सोडला. उजवा थोडासाच बाहेर. स्क्रू सैल, कॉलर केसभर कलवली, परत ओळंबा, बरोबर. ॲलन कीने, म्हणजे त्या षटकोनी चावीने, स्क्रू कसला, शेवटी टक असा आवाज येईपर्यंत. आता डावा. डावा बराच आत जात होता, नट अंगठ्याच्याही आत. स्क्रू सैल केला, कॉलर फिरवली, ओळंबा. अजून थोडी. परत ओळंबा. नट दुसऱ्या बोटावर आला, थरथरला आणि थांबला. महादूने चावी स्क्रूत घातली आणि...

"महादू? अंदर कौन है?"

सायरा मॅडम!

त्याने काय केलं, कसं केलं, त्याचं त्यालाच माहीत नाही. दार उघडेपर्यंत तो उभा होता आणि चावी खिशात होती.

"मॅडम, बच्ची का बकल अटक गया था. मराठी लोग हैं, तो मैंने..."

सायरा मॅडमने ईश्वरीकडे बघितलं, बिबकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा अठ्ठेचाळीस. "यल्ला, बेटा, तुम्हारा ग्रुप लिफ्ट पे है. भागो!"

ईश्वरी पळाली. स्कीच्या बुटात जेवढं पळता येतं तेवढी. जाता जाता तिने वळून अंगठा दाखवला. सायरा मॅडम म्हणाली, "कल सुबह याद दिलाना, साइन करना है तुम्हारा," आणि गेली.

महादू काउंटरला आला. सुटल्यासारखं वाटलं त्याला. दोन गिऱ्हाइकांना बूट दिले. तिसऱ्याचे घेतले. रुमालासाठी खिशात हात घातला आणि बोटांना चावी लागली.

हातातले बूट त्याने तसेच काउंटरवर ठेवले.

उजव्याचा टक त्याला आठवत होता. डाव्याचा?

आठव आठव आठवतोय. चावी स्क्रूत घातली, हे आठवतं. ओळंबा थांबला, हे आठवतं. सायरा मॅडमचा आवाज आठवतो. चावी घातल्यापासून दार उघडेपर्यंतचं काहीच नाही. कसला का कसला नाही? अर्धा कसला? टाइल लावल्यावर ठोकून बघायची राहून गेली की जसं रात्रभर वाटतं ना, पोकळ तर नसेल, तसं. फक्त इथे टाइल नव्हती, त्या पोरीचा पाय होता. स्क्रू सैल असेल तर पहिल्या जोरदार वळणाला कॉलर सरकणार, डावा पाय दगा देणार, आणि त्या स्पीडला गुडघा फिरला तर तो गुडघा काय परत तसा होत नाही.

अकरा वाजून चार मिनिटं. स्पीकरवर आवाज, "बिब नंबर फोर."

मिनिटाला एक पोर. खुर्च्यांच्या लिफ्टने डोंगरावर जायलाच चार मिनिटं, तीही रांग नसेल तर. ईश्वरीचा फोन खाली लॉकरमध्ये. महादू काउंटर सोडून पळाला, काचेपाशी शोभनाताई उभ्या होत्या तिथे.

"ताई, तिला थांबवायला हवं."

"का? काय झालं?"

"डाव्या बुटाचा स्क्रू. मी कसला की नाही, मला खात्रीने आठवत नाही."

"म्हणजे सैल आहे?"

"तसंही नाही म्हणता येत."

"अहो, मग घट्टच असेल! तुम्हीच तर बसवलात. मघाशी तिचा चेहरा बघितलात ना? आता गेटवरून काढली तर बाद होईल ती, दुसरा चान्स नाही." त्यांचा आवाज चिरकला. "नुसत्या शंकेवर? नाही हो दादा. काही होत नाही. गणपती आहे."

"बिब नंबर सिक्स."

महादू परत काउंटरला. वॉकीटॉकी तिथेच, चार्जरवर उभा. वरच्या गेटवाल्याला बोलायचं तर तेवढा एकच रस्ता. आणि त्या चॅनलवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, लिफ्टवाल्याला, कोचला, सायरा मॅडमला. म्हणजे 'स्क्रू सैल असेल' असं म्हणायचं, तर 'तुला कसं माहीत' हा प्रश्न त्याच्या मागोमाग येणार. रंभाने कालच मैत्रिणींना सांगून टाकलं होतं, गणपती झाले की मी दुबईला. आणि स्क्रू घट्ट असला तर? नव्व्याण्णव टक्के घट्टच असणार, इतक्या वेळा हात तिथून गेलेला. काही न बोलता तो तीन मिनिटं नुसता उभा राहिला असता, तर कोणालाही, कधीही काही कळलं नसतं.

"बिब नंबर सेव्हन."

काचेतून वर ते लाल जाकीट दिसत होतं. ती गुडघे वाकवून बघत होती, डावा, उजवा, डावा.

"बिब नंबर एट."

महादूने वॉकीटॉकी उचलला. बटण दाबून धरलं.

"टॉप गेट, टॉप गेट. बिब नाइन को रोको. नीचे मत छोड़ना. लेफ्ट बूट का स्क्रू चेक करना है. लिफ्ट से नीचे लाओ, स्की पे नहीं."

खरखर. मग गेटवाल्याचा आवाज, "किसने बोला?"

"काउंटर से महादू. मैंने खोला था."

बस. बोलून झालं. डोंगरावरचं संगीत चालू होतं, बाकी सगळं जसं काही थांबलं. आठ नंबर खाली आला. स्पीकर नऊ म्हणाला आणि मग, "नॉट स्टार्टिंग." मग दहा.

ईश्वरी लिफ्टवरून खाली आली. सगळ्यांच्या देखत, एकटी, उलट्या दिशेने. रडत नव्हती. त्यापेक्षा वाईट, दात आवळून बसली होती. "व्हाय वुड यू डू दॅट?" महादूला म्हणाली. "इट वॉज परफेक्ट!"

तोपर्यंत कोच आलेला, सायरा मॅडम आलेली, शोभनाताई आलेल्या. महादू बर्फात गुडघ्यावर बसला, अंगात नुसता टी-शर्ट. खिशातून चावी काढली, सगळ्यांसमोर. डाव्या घोट्याच्या स्क्रूत घातली आणि दाबली.

हलला नाही.

परत दाबली, पूर्ण जोर लावून. केसभर नाही हलला रे! घट्ट. अगदी शेवटपर्यंत कसलेला. डोकं घाबरलं होतं तेव्हा हाताने सवयीने आपलं काम केलं होतं, फक्त डोक्याला सांगायला विसरला.

कोचने विचारलं, टाइट? महादूने मान हलवली. कोच म्हणाला, नियम तो नियम, पण इतकी आलीच आहे तर शेवटी एक रन करू दे, निकालात धरणार नाही. आणि अठरा झाल्यावर ती आली खाली! गुडघे पुढे, खांदे सरळ, वाटेतल्या खांबांचं एकही गेट चुकलं नाही. कोणीतरी मोबाइलवर टाइम लावला होता. धरला असता तर चौथी आली असती. चौथी. सहाजण घ्यायचे होते.

शोभनाताई महादूसमोर येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो हात लावायला?" स्वतःच्याच तोंडून काय गेलं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी लगेच तोंड फिरवलं. ईश्वरीने जाताना बूट काढले, फोम आणि कॉर्क तसेच आत ठेवले. एवढंच.

सायरा मॅडमने त्याला ऑफिसात बोलावलं. "चाबी दो." चावी ड्रॉवरमध्ये टाकली. फाइल उघडली, सहीची जागा बघितली, बंद केली. "छह महीने बाद देखेंगे, इन्शाल्ला." मग दार लोटून हळू आवाजात म्हणाली, "रेडिओ पे नाम क्यों लिया? चुप रहते तो मुझे पता भी नहीं चलता."

संध्याकाळी अक्रमचा स्वातहून फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्क्रू तो टाइट था ना? फिर? अपने हाथ पे भरोसा नहीं था तुझे?" रंभाचा व्हॉइस मेसेज आलेला, तो त्याने अजून ऐकलेला नाही. निळा ठिपका तसाच आहे.

रूमवर दोन पार्ट्या पडल्यात. निम्मे म्हणतात महादू येडा आहे, पोरीचंही घालवलं आणि स्वतःचंही. निम्मे विचारतात, आणि स्क्रू सैल निघाला असता तर?

आता तू बोल. स्पीकरवर आठ नंबर पुकारलाय, वॉकीटॉकी समोर आहे, स्क्रूचं तुला आठवत नाहीये. तू काय केलं असतंस?